साडेचार किलोंचं कौतुक

सुनेने सुई टोचून बोटावर रक्ताचा थेंब काढला, तेवढ्यात सासूबाई क्रीमचा चमचा घेऊन हजर.

"चाख आणि सांग, गोड झालंय का."

"आई, साखर वाढलीये माझी. वजनही. डॉक्टर म्हणाले, त्याने बाळ पोटातच प्रमाणाबाहेर वाढतं आणि पुढे लहान वयातच लठ्ठ होण्याची भीती असते."

बेकरी घरचीच. चाखल्याशिवाय क्रीम केकवर चढायचं नाही, हा सासूबाईंचा कायदा. त्यांच्या जिभेची चव गेल्यापासून ते काम सुनेकडे होतं. आता पोटुशी सून चमच्याला हात लावेना, म्हणजे सासूबाईंच्या मते धंदाच बसला.

"लठ्ठ कसलं, बाळसं म्हणतात त्याला! माझा हा लेक साडेचार किलोचा जन्मला. दवाखान्यातल्या झाडून सगळ्या नर्स बघायला आल्या होत्या."

ते साडेचार किलो आता भट्टीच्या खोलीच्या दारातून अंग चोरून आत शिरत होते. मागोमाग चार वर्षांची नात, सगळ्यांची ढब्बू, दोन पायऱ्या चढून धापा टाकत बसली. पकडापकडीत ढब्बूला कुणी घेत नाही, म्हणून काल पोर रडत आली होती. तिच्या वेळीही साखर वाढली होती, तरी चाखणं चालूच होतं. निदान दुसऱ्या बाळाच्या वाट्याला हे नको, एवढंच सुनेला हवं होतं.

साखर मोजायच्या मशीनवरचा आकडा पाहून तिचा चेहरा पडला.

"मशीनच खोटं!" सासूबाईंनी बोट पुढे केलं. "माझं बघ. धडधाकट बाई मी."

त्यांचा आकडा सुनेच्या जवळजवळ दुप्पट आला.

"बघ! म्हटलं नव्हतं, बिघडलंय!"

दुसरं बोट झालं, डावा हात झाला. मशीन काही ऐकेना. सासूबाई हळूच स्टुलावर टेकल्या. आधी मुलाकडे पाहिलं, मग नातीकडे.

"ह्याच्या वेळी कुणी तपासलंच नाही गं. मी आपली मिरवत बसले."

"तेव्हा कुठे होतं घरोघरी मशीन? चला, दोघी डॉक्टरांकडे जाऊ."

"गाडी काढतो," मुलगा म्हणाला.

"गाडी राहू दे." सासूबाई चपला शोधायला लागल्या. "ढब्बूला घे आणि तूही चल. पायी."