बोलक्या मुलीची जागा

आमच्या घरात मला बोलकी म्हणतात, अगदी लहानपणापासून. लग्नाच्या वेळी बायोडाटात त्याचंच "मनमिळाऊ" झालं. आता दादाचा मयुरेश म्हणतो, "आत्या, तू पक्की एक्स्ट्रोव्हर्ट." शब्द कुठलाही घ्या, आमच्याकडे त्याचा उपयोग एकच. अवघड माणूस समोर आला की वल्लरीला पुढे करा! सोसायटीत भांडण झालं, वल्लरी. जमलेलं लग्न मोडल्याचं कळवायचंय, वल्लरी. धाकटी सई अबोल, तिला काही सांगायचं नाही, तिला त्रास होतो. मला कसला आलाय त्रास, मी तर बोलकी.

आईला गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात आयसीयूत ठेवलं, तेव्हाही तेच. आत एका वेळी एकालाच सोडायचे आणि पास एकच. दादानं तो सरळ सईच्या हातात दिला.

"सई आत बसेल, शांत आहे ती. वल्ली, तू डॉक्टरांचं आणि मेडिक्लेमवाल्यांचं बघ. मला नाही जमत तसलं बोलायला."

बघितलं. मेडिक्लेमच्या माणसाला झापलं, नर्सशी गोड बोलले, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकिकत पहिल्यापासून सांगितली. लोक म्हणायचे, किती धीराची हो ही! धीर कसला, डोंबलाचा. मला आत जाऊन आईचा हात धरायचा होता, बस्स. रोज दुपारी आमचा फोन चालायचा, भाजी काय केली इथपासून शेजारीण काय म्हणाली इथपर्यंत. माझी बडबड न कंटाळता ऐकणारी ती एकटीच होती. आणि तीच काचेपलीकडे होती.

त्या दिवशी सकाळी मी दादाला बजावलं, "आज मी आत बसणार."

"बस ना, कोण नको म्हणतंय? फक्त येवल्याहून मामा निघालेत, त्यांना नीट आणून पोचव. ते माझं ऐकत नाहीत."

मामा द्वारका चौकात बसमधून उतरून भलत्याच बाजूला चालत सुटले होते. त्यांना फोनवरूनच मागे वळवलं, रिक्षात बसवलं. मग रिक्षावाल्याला फोन द्यायला लावून त्याला रस्ता समजावत होते, तेवढ्यात सई बाहेर आली. "ताई," म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मला कळलं. रिक्षावाला विचारत होता, "मॅडम, सिग्नलवरून डावीकडे ना?" मी त्याला हो म्हटलं.

मामा आले ते थेट सईला जवळ घेऊन रडले. दादा तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. वहिनीनं तिला पाणी पाजलं. मी डॉक्टरांकडून कागद घेऊन आले, रुग्णवाहिका ठरवली.

मग सईजवळ बसून विचारलं, "आई काही बोलली का गं?"

"तुलाच बोलावत होती. वल्लीला आत पाठव, म्हणाली."

"मग?"

"मी आले होते दारापर्यंत. तू फोनवर होतीस. मध्येच कसं तोडायचं, म्हणून परत गेले. मला वाटलं, तुझं होईलच बोलून."

मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खरं सांगते, वाटली. एक हाक मारायची होती तिला, फक्त एक हाक! आयुष्यभर सगळ्यांशी मी बोलले, आणि हिला एवढं एक जमलं नाही.

माझा फोन वाजला. येवल्याहून मामी होत्या. मी तो सईच्या मांडीवर ठेवला.

"तू सांग," म्हटलं.

तिनं फोनकडे पाहिलं आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. दादा धावत आला. "वल्ली, काय हे! तिची अवस्था बघ जरा!"

मी फोन उचलला.

"मामी," म्हटलं, "आई गेली."