आठ वॉशर

"आठ बोल्ट," आत्या म्हणाली आणि स्टुलावरच्या पांढऱ्या फडक्यावर बोटाने एकेक बोल्ट पुढे सरकवू लागली. "तूही म्हण."

"आठ बोल्ट," भाची म्हणाली.

"आठ वॉशर. कुलपाची चार झाकणं. दोन किल्ल्या."

भाचीने सगळं पोपटासारखं म्हटलं. गाडीच्या टपावर सामानासाठी दोन आडव्या दांड्या तर बसवायच्या होत्या! पण आत्याने चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सर्जनच्या हातात अवजारं दिली होती. पेशंटला टाके घालण्याआधी बोळान् बोळा मोजायचा आणि दुसऱ्याने तो आकडा मोठ्याने म्हणायचा, ही सवय नोकरी सुटली तरी सुटली नव्हती.

या गाडीतच राहून आत्याला सहा महिने एकटीने फिरायचं होतं. आत पलंग आणि शेगडी बसवून झाली होती. भाचीच्या वडिलांना मात्र आपल्या थोरल्या बहिणीची धास्ती वाटत होती. ती हल्ली विसरते, असं त्यांचं म्हणणं. बरीच वादावादी होऊन ठरलं, की भाचीने एक दिवस आत्याबरोबर काम करावं आणि संध्याकाळी फोनवर काय ते सांगावं. भाची नको म्हणाली तर गाडी विकायची. आत्याने तसा शब्द दिला होता, आणि ती शब्द फिरवणाऱ्यांतली नव्हती.

प्रत्येक दांडीला दोन पाय, प्रत्येक पायाला दोन बोल्ट. तीन पाय आत्याने बसवले, मागचा डावा भाचीने. पाना कट्ट वाजेपर्यंत आवळायचं, मग झाकण लावून कुलूप. शेवटी आत्या शिडीवरून पुढच्या दांडीला चक्क लोंबकळली. सदुसष्ट वर्षांची बाई हवेत पाय हलवत होती. गाडी कुरकुरली, दांडी जागची हलली नाही.

"झालं एकदाचं!" भाची म्हणाली.

आत्या उतरून फडक्यापाशी गेली. किल्ल्यांशेजारी एक वॉशर, बोल्टाखाली घालायची चकती, उरला होता.

"जादाचा असेल गं."

"आठ मोजलेत. तूच म्हणालीस."

"पण सगळं घट्ट आहे ना!"

"आज आहे. वॉशर नसला तर महिनाभर हादरे बसले की बोल्ट सैल होणार. मग सामान मागच्या गाडीच्या काचेवर. तिच्यात कुणीतरी बसलेलं असणार." आत्याने किल्ली उचलली. "आधी माझे उघडते."

कुलूप, झाकण, बोल्ट. वॉशर जागेवर आहे हे बघायचं, मग पुन्हा आवळायचं, पुन्हा कट्ट, पुन्हा कुलूप. एक पाय झाला. दुसरा झाला. ना घाई, ना चिडचिड. शिडी धरून उभ्या भाचीला कंटाळा यायला हवा होता. ती नुसती थक्क होऊन त्या हातांकडे बघत राहिली. या हातांखालून किती माणसं धडधाकट घरी गेली असतील, हे पहिल्यांदाच तिच्या मनात आलं.

वॉशर नव्हता तो मागच्या डाव्या पायात. भाचीचा चेहरा गोरामोरा झाला.

"आत्या, हा माझा."

"असू दे. सापडला ना?" आत्याने वॉशर तिच्याच हातात दिला.

संध्याकाळी भाचीने हात पुसून फोन काढला. "बाबांना सांगते, आत्याचं डोकं आपल्या सगळ्यांपेक्षा ठणठणीत आहे."

"तसं नको सांगूस," आत्या फडक्याची घडी घालता घालता थांबली. "खोटं होईल ते."

"म्हणजे?"

"विसरते गं मी. मघाशी मी वॉशर घातलेत की नाही, मला खरंच आठवत नव्हतं. तिन्ही पायांचं. म्हणून तर माझे आधी उघडले. आठवत नाही, म्हणून मोजते."

हे लपव, असं मात्र आत्या म्हणाली नाही. भाचीने नंबर लावला.

"काय गं," वडिलांनी थेटच विचारलं, "विसरते ना ती?"

"हो बाबा. विसरते."

आत्याने मान खाली घातली.

"आज मीही विसरले," भाची म्हणाली. "पण मला ते कधी कळलंही नसतं. तिला कळलं. जाऊ द्या तिला."

मग वडिलांनी फोन आत्याकडे द्यायला सांगितला.

"ताई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम धाकट्या भावाचा झाला, "निघणार कधी?"