आप्पांना बसवायचं नाही

आप्पा मंगळवारी सकाळी सहाला गेले. गावाला मी सव्वाबाराला कळवलं. मधले सहा तास मी त्यांच्याजवळ गप्प राहून काढले, आणि ते मी मुद्दाम केलं.

आप्पा म्हणजे माझे वडील, ग्रुप कॅप्टन वैजिनाथ शेटे, निवृत्त. युसूफ वडगावच्या अलीकडच्या आमच्या गावात त्यांना पायलट आप्पा म्हणत. हवाई दलात ते चाचणी वैमानिक होते. नवं विमान आलं की ते किती ताण सोसतं, कुठे दगा देतं, हे आधी स्वतः उडवून बघायचं आणि मग बाकीच्यांना सांगायचं, हे त्यांचं काम. चौऱ्याहत्तर साली एका लढाऊ जेटमधून ते इतके वर गेले की देशात तोवर तितकं उंच कुणी गेलं नव्हतं. गावानं त्या विक्रमाचं आपल्या सोयीनं भलतंच करून टाकलं. त्या वर्षी एकदा मोठा आवाज होऊन घराघरातली भांडी पडली होती, म्हणजे आप्पा गावावरून गेले, असं ठरलं. आप्पा सांगून थकले की मी त्या दिवशी बंगळूरला होतो, खडीवाल्यांचा सुरुंग असेल. कुणी ऐकून घेतलं नाही. स्वतः ते विक्रमाबद्दल एकच वाक्य बोलत, वर दिवसाढवळ्या आभाळ काळं दिसतं. तिथून आपलं गाव दिसलं का, असं कुणी विचारलं की म्हणत, खाली बघायला वेळ नव्हता.

दोन वर्षांनी दुसऱ्याच एका विमानाचं इंजिन धावपट्टी सोडताच बंद पडलं. आप्पांनी खुर्चीसकट स्वतःला बाहेर उडवून घेतलं. त्या खुर्चीखाली स्फोटकं असतात, ती माणसाला वर फेकतात. जीव वाचला, पाठीचे तीन मणके चेपले. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं आप्पा पाव तासाच्या वर कधी बसले नाहीत. जेवण ओट्याशी उभ्यानं, वाचन आडवं पडून, आणि केजहून लातूरला जायचं तर एसटीत दांडा धरून. लग्नाकार्यातही ते उभेच असायचे. लोकांना वाटे ही लष्करी शिस्त, आणि तरण्या पोरांना त्यांचं उदाहरण द्यायचे. मला त्याचा राग यायचा. माणूस कळ सोसतोय आणि तुम्ही त्यातून सुविचार काढताय.

आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही बसवून. जीव गेला की अंग ताठायच्या आत त्याला मांडी घालून भिंतीशी बसवायचं, मान पडू नये म्हणून कापडानं बांधायचं, भस्म लावायचं, गळ्यात जन्मभर बाळगलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवायचं. मग सजवलेल्या खुर्चीतून मिरवत न्यायचं आणि खड्ड्यातही तसंच बसवायचं. मागच्या वर्षी आप्पांचे एक जुने मित्र वारले. त्यांना बसवून बांधताना आप्पा तिथे उभे राहून बघत होते. घरी आले, आडवे पडले आणि म्हणाले, "अंजे, मला असं बसवू नको."

मी म्हटलं, मेल्यावर काय दुखतंय आप्पा.

"ते कुणी जाऊन बघून आलंय का?" आप्पा म्हणाले. "मी चाचणीवाला माणूस हाय. रिपोर्ट आल्याशिवाय काय धरून चालत न्हाई."

ही थट्टा नव्हती. आणि हे समाजात कुणाला सांगायचंही नव्हतं. पाठ दुखते म्हणून पायलट आप्पानं रीत मोडली, असं कुणी म्हणायला नको होतं त्यांना. क्रिया करायला येणाऱ्या स्वामींना सांगायचं नाही, त्यांचे चुलतभाऊ महालिंगकाकांना नाही, बसूदादाला तर नाहीच. मग मी करू तरी काय, असं विचारलं तर म्हणाले, ते तू बघ, तू सायन्स शिकवतीस. नवऱ्याच्या माघारी मी अकरा वर्षं त्यांच्याजवळ राहिले होते. मी हो म्हणून बसले.

मी केजच्या शाळेत विज्ञान शिकवते. मेल्यावर अंग आधी जबड्यापासून ताठायला लागतं, मग मान, हात, आणि गुडघे सगळ्यांत शेवटी. उन्हाळ्यात हे लवकर होतं. एकदा ताठलं की माणसाला मांडी घालता येत नाही. म्हणजे मला करायचं असं काही नव्हतंच. कुणालाही न सांगता थांबायचं होतं, बस्स.

मी त्यांचे डोळे मिटले, हनुवटी रुमालानं बांधली, पाय सरळ केले. गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटून धरून ठेवली. तेवढं तरी रीतीप्रमाणे व्हावं. दूधवाला आला, दूध घेतलं. चहा करून प्याले. शेजारच्या विजयमालाकाकूंनी दारातूनच आप्पांचं विचारलं, मी म्हटलं, झोपलेत. खोटं बोलताना जीभ अडखळली नाही. दर अर्ध्या तासानं जाऊन मी आप्पांचा जबडा बघायची, मान बघायची, कोपर बघायची आणि घड्याळाकडे नजर टाकायची. बाप गेल्याचं दुःख कुठे असतं ते मी शोधत होते, ते सापडत नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण मला काहीही वाटत नव्हतं.

नऊ वाजता लातूरहून बसूदादाचा फोन आला. बसवेश्वर, माझा मोठा भाऊ. त्याचं तिथे हार्डवेअरचं दुकान आहे. सतरा वर्षांचा असताना त्यानं लष्करात जायचा एनडीएचा फॉर्म भरला आणि सहीसाठी आप्पांपुढे ठेवला. आप्पांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि एक शब्द न बोलता फाडून टाकला. त्याला चाळीस वर्षं झाली. दादा सणावाराला यायचा, पाया पडायचा, बरं हाय का म्हणायचा आणि निघायचा. आप्पाही त्याला बरं हाय एवढंच म्हणायचे.

आप्पांनी अन्न सोडलंय, हे मी त्याला परवाच कळवलं होतं. कसे आहेत, त्यानं विचारलं. झोपलेत, मी म्हटलं. तो म्हणाला, "त्यांच्या कानाला फोन लाव. मला बोलायचंय."

मला त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर त्यानं लगेच महालिंगकाकांना कळवलं असतं, आणि आप्पांचे गुडघे अजून वळत होते. मी फोन कानाला लावला. त्या फोनचा आवाज मोठा आहे. मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"आप्पा, बसू बोलतोय," तो म्हणाला. बराच वेळ गेला. "त्या फॉर्मचं मी लई मनात धरलं. तुमी माझ्या जिवापायी फाडला, हे मला पोरगं झालं तवाच कळलं होतं. सांगायला तोंड झालं न्हाई."

मग तो दुकानाचं बोलला, नातवाचं बोलला, एकदा लहानपणी आप्पांनी त्याला कॉकपिटमध्ये बसवलं होतं त्याचं बोलला. चार मिनिटं झाली असतील. माझा हात भरून आला, पण मी फोन हलू दिला नाही. ठेवतो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. आता तरी मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. आपण फार वाईट काम केलं, हे मला अगदी नीट कळत होतं, पण वर्तमानपत्रात दुसऱ्या कुणाबद्दल वाचावं तसं.

सव्वाबाराला गुडघेही वळेनासे झाले. तेव्हा मी डॉक्टरांना, महालिंगकाकांना, स्वामींना आणि दादाला फोन केले. साडेअकराला गेले, असं सगळ्यांना सांगितलं. साडेबाराला दादाची गाडी दारात उभी राहिली. लातूरहून यायला दीड-दोन तास लागतात. हे माझ्या लक्षात आलं आणि तसंच निघून गेलं.

महालिंगकाकांनी आल्या आल्या आप्पांना बसवायला घेतलं. गुडघा हलेना. तासाभरात कसं काय ताठलं, असं ते दोनदा म्हणाले, पण उत्तराला थांबले नाहीत. गरम पाण्याचे पंचे ठेवा, दोन धडधाकट माणसं बोलवा, जोर लावला की वळतंय, असं त्यांनी फर्मावलं. पाणी चुलीवर चढलंसुद्धा. वळतं, हे मला माहीत होतं. जोर लावला तर मोडूनही वळतं. स्वामी मात्र आप्पांच्या डाव्या मुठीकडे बघत होते. त्यांनी हातातलं भस्म खाली ठेवलं, बोटांमधलं लिंग निरखलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही. ते एवढंच म्हणाले, की लिंग हातात आहे, बाकीचं मुलानं सांगावं.

आता बोलावंच लागणार होतं. पाठीचं सांगून टाकायचं आणि आप्पांचा शब्द मोडायचा, किंवा गप्प राहून गुडघे मोडू द्यायचे. मी तोंड उघडलं, तेवढ्यात दादा म्हणाला, "आप्पांना बसवायचं न्हाई. हायेत तसे न्या."

काका भडकले. आडवं नेलं तर लोक तोंडात शेण घालतील, पायलट आप्पासारखा माणूस बेवारशासारखा न्यायचा का, असं बरंच बोलले. दादानं सगळं ऐकून घेतलं. मुलगा मी आहे, बोल लागायचा तो मला लागेल, असं म्हणाला आणि स्वतः जाऊन चुलीवरचं पाणी उतरवलं. आमच्या सटवा गड्यानं शेतात बसत्या मापाचा चौकोनी खड्डा खणून ठेवला होता. तो त्याला परत खणून लांबवावा लागला, त्यात तास गेला. काका पुढे चालले ते आमच्यापासून दहा पावलं राखून.

सरपंच तानाजीरावांनी चौकात फलक लावला होता. त्यावर आप्पांच्या फोटोमागे प्रवासी विमान छापलेलं होतं. भाषणात त्यांनी भांडी पाडली, गावावरून विमान नेलं, आणि शेवटी म्हणाले की मरणातही आप्पा वाकले नाहीत, सावधानमध्येच गेले, तरुणांनी हे शिकावं. एरवी मी तिथून उठून गेले असते. त्या दिवशी मी ते सगळं हात जोडून ऐकलं.

दिवस कलल्यावर माणसं पांगली. दादा स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानं चहा पीत होता. मी त्याला सांगितलं, आप्पा सकाळी सहालाच गेले होते.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "फोनवर त्यांचा श्वास येत नव्हता."

फोन ठेवल्यावर लगेच त्यानं गाडी काढली होती. अकराला फाट्यावर पोचला आणि माझा फोन येईपर्यंत लिंबाखाली गाडीत बसून राहिला. काकांना का नाही कळवलंस, मी विचारलं. तो म्हणाला, तू विनाकारण असं करणार नाहीस, आप्पांनीच काहीतरी सांगितलं असणार.

"मग ते न्हाईत हे कळल्यावर बोललास कशाला?"

"असते तर बोलता आलं असतं का मला?"

त्यानं कप विसळून पालथा घातला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "अंजे, तू फोन खरंच कानाला लावलता का?"

"लावला होता."

"कोन्त्या?"

"डाव्या," मी म्हणाले. आप्पांचा उजवा कान जेटच्या आवाजानं कधीच गेला होता. त्या बाजूनं बोललेलं त्यांना ऐकू यायचं नाही, हे आम्हां घरच्यांनाच माहीत होतं.

दादानं मान हलवली. मग भिंतीकडे तोंड करून तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मला अजूनही रडू येत नव्हतं.