हिरवा उतार

नकाशेवालीला आपल्या कामाचा गर्व होता, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. नवी वस्ती कुठे वसवावी हे ठरवायला तिने उतार, माती, पाणी असे थर संगणकात एकावर एक रचले होते. कुठल्या थराला किती वजन आणि आपापल्या थरात कुठल्या जमिनीला किती गुण, हे तीन तज्ज्ञांनी तक्ते भरून सांगितलं. तिघांनीही मातीला सगळ्यात जास्त वजन दिलं. गुण जास्त तिथे हिरवा रंग. त्या हिरव्या उतारावर आज चाळीस घरं उभी होती आणि त्यातलं एक तिच्या दादाचं. "डोळे मिटून घर घे," असं तिनेच त्याला सांगितलं होतं.

चार दिवस पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. त्या सकाळी मातीतज्ज्ञ काका वस्तीच्या दुसऱ्या टप्प्याचे तक्ते द्यायला ऑफिसात आले. छत्री झटकता झटकता ते भिंतीवरच्या नकाशापाशी थबकले.

"हे हिरवं कुणी केलं, पोरी?"

"तुम्हीच, काका. पाच गुण दिलेत तुम्ही."

"अगं, पाच म्हणजे सगळ्यात घसरडी. चाळीस वर्षं असंच लिहितोय मी. मोठा आकडा, मोठा धोका."

बाकीच्या दोघांनी पाच म्हणजे उत्तम असं धरलं होतं. आणि ही शहाणी, तिने विचारलंच नव्हतं. तज्ज्ञाचं बोलणं त्याच्याच बोलण्याशी जुळतं का, हे सॉफ्टवेअर तपासतं. त्या तपासणीत काकांचा तक्ता सगळ्यात चोख निघाला होता. माणूस पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकसारखा उलटा चालला, तर यंत्राला काय कप्पाळ कळणार?

तिने मातीचे गुण सुलटे केले. हिरवा उतार लालभडक झाला.

साहेबांनी नकाशा पाहिला आणि केबिनचं दार लावून घेतलं. "बाहेर एक अक्षर बोलू नका. सोमवारी बैठकीत बघू. चूक कुणाची, ते आधी ठरू दे."

चूक माझी, एवढंही तिला म्हणवेना. ती जिन्यात आली आणि तिने वहिनीला फोन लावला. काका मागोमाग आले.

"वहिनी, पोरीला घे आणि आत्ता घराबाहेर पड."

वहिनी हसली. "तुझा दादा रंधा घेऊन बसलाय. कालपासून एकही दार धड लागत नाहीये. पावसाने लाकूड फुगलं, म्हणतो."

"आपलीच दारं?"

"छे, सगळ्या वस्तीची."

काकांनी ते ऐकलं. "लाकूड नाही, चौकटी वाकतायत," ते हळूच म्हणाले. "जमीन सरकतेय."

तिने वहिनीला सगळं सांगितलं, तक्त्यासकट.

"डोळे मिटून घर घे, म्हणाली होतीस," वहिनी म्हणाली.

"हो."

"नकाशा तुझा, मग लोक आता माझं कशाला ऐकतील? फोन ठेवू नकोस. दारोदार फिरवते. तुझ्या तोंडाने सांग."

दादा पोरीला घेऊन खाली मोठ्या रस्त्यावर गेला. वहिनी शेजारच्या दारापासून सुरू झाली. कुणीतरी खोकलं आणि कोण बोलतंय म्हणून विचारलं.

"नकाशा मी केला होता. तो चुकलाय. घर सोडा, आत्ताच्या आत्ता."

सहाव्या दारात तिने शिव्या खाल्ल्या. नवव्या दारात लेखी मागितलं. पुढे कुठेतरी एका बाईने विचारलं, "तेव्हा चुकलात, मग आज बरोबर कशावरून?" "माझ्यावर विश्वास ठेवू नका," नकाशेवाली म्हणाली, "तुमच्या दारांकडे बघा." ती बाई निघाली.

साहेब जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे होते. तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"खालची वीस झाली," वहिनीला धाप लागली होती. "वरची वीस राहिलीत. रस्त्याला भेग पडलीय गं, हातभर. वर जाऊ ना?"

नको जाऊस, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. वर वीस दारं होती, आणि त्यांच्यामागे माणसं.

"जा," ती म्हणाली.