मागच्या दाराची दोरी

गाडीच्या मागच्या दाराचे आतले पॅनल सोडवून फिटरबाईने बाकावर ठेवले आणि तिचा हात तिथेच थांबला. मऊ अस्तरावर ओरखडे होते. बारीक, चार-चारांचे, एकमेकांना लागून. दार उघडायच्या बटणापाशी तर अस्तर पार खरवडून निघाले होते.

तिने आपले बोट त्यावर ठेवून पाहिले. एका ओरखड्यात तिचे अर्धे बोटसुद्धा मावत नव्हते.

गाडी विजेवरची होती, एका निवृत्त पोस्टमास्तरांची. आठवड्यापूर्वी भर दुपारी ते पाच वर्षांच्या नातीला घेऊन मागच्या सीटवर बसले होते आणि मुलगा औषधे आणायला दुकानात गेला होता. तेवढ्यात गाडीची छोटी बॅटरी बसली. त्यासरशी दारे, काचा, हॉर्न सगळे एकदम बंद. पुढच्या दारांना हाताने ओढायचे हँडल होते, पण आजोबांच्या गुडघ्यांना सीट ओलांडून जाणे जमेना, आणि नात घाबरून जागची हलेना. वीस मिनिटांनी रस्त्याने जाणाऱ्या एका गवंड्याने हातोड्याने काच फोडली. मुलगी वाचली. पण त्या दिवसापासून ती घरात न्हाणीघराचीही कडी लावू देत नव्हती.

कंपनीचे म्हणणे असे की मागच्या दारालाही सोय आहे. ती होती. दाराच्या कप्प्यातली रबरी चटई उचलायची, तिच्याखालचे झाकण नखाने उचकटायचे आणि आतली दोरी ओढायची. ग्राहकाला माहिती नव्हती, एवढेच काय ते. तशा तक्रारी आधीच बऱ्याच आल्याने कंपनीने महिन्यापूर्वीच सगळ्या गाड्या परत बोलावल्या होत्या आणि उपाय म्हणून त्या कप्प्यावर एक स्टिकर लावायला सांगितले होते. स्पिरिटने जागा पुसा, स्टिकर चिकटवा, फोटो काढा. एका गाडीला बारा मिनिटे. फिटरबाईने तोवर चाळीसेक गाड्यांना स्टिकर लावले होते, आणि दर वेळी कुणाच्या तरी तोंडाला पाने पुसल्यासारखे तिला वाटले होते.

वर्कशॉपच्या मॅनेजरने जुने पॅनल भंगारात टाकायला सांगितले. तिने ते चादरीत गुंडाळून घरी नेले. नवऱ्याने दार उघडले, तिच्या काखेतल्या वस्तूकडे पाहिले आणि म्हणाला, "बाकीचे लोक नुसते दमून येतात. तू दार घेऊन आलीस."

दुसऱ्या दिवशी सुट्या भागांची यादी चाळताना तिला हवे ते सापडले. मागच्या दाराचे हाताने ओढायचे हँडल. तयार, क्रमांकासकट. फक्त समोर लिहिले होते : आपल्या देशासाठी नाही. ती यादी घेऊन मॅनेजरकडे गेली. तो माणूस वाईट नव्हता. त्याने यादी पाहिली, चष्मा काढून पुसला.

"ताई, तिकडे कायदा आहे," तो म्हणाला. "इकडे स्टिकर आहे."

मग तिने आजोबांचे घर गाठले. वाहन सुरक्षा कार्यालयाकडे अर्ज करायचे ठरले. मागणी एकच : स्टिकर नको, प्रत्येक गाडीला हँडल बसवून द्या. आजोबांनी तो अर्ज तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिला. पस्तीस वर्षे लोकांची पत्रे पोचवली, आता स्वतःचे तरी नीट पोचू दे, असे ते म्हणत. पुढे सात महिने उत्तराची वाट पाहण्यात गेले.

सुनावणीला ती आणि आजोबा बसने गेले, पॅनल तिच्या मांडीवर. खोली थंडगार होती. टेबलापलीकडे सुरक्षा अधिकारी, त्यांच्या शेजारी टिपणे घेणारा कारकून, आणि बाजूला कंपनीचा माणूस. त्याने अर्धा तास पडद्यावर रंगीत तक्ते दाखवले. त्या तक्त्यांत मुलीला 'मागील प्रवासी क्रमांक दोन' असे म्हटले होते.

फिटरबाईने चादर सोडली आणि कंपनीचे स्टिकर लावून आणलेले पॅनल अधिकाऱ्यांपुढे ठेवले. म्हणाली, "साहेब, दोरी शोधून दाखवा."

अधिकाऱ्यांना गंमत वाटली. त्यांनी कप्प्यात हात घातला, चाचपले, स्टिकर वाचले, पुन्हा चाचपले. चटई निघेना. निघाली तर झाकण उचकटेना. कंपनीचा माणूस पुढे झुकून, साहेब, जरा डावीकडे, म्हणाला. शेवटी दोरी हाती लागली, कट्‌ असा आवाज झाला, आणि खोलीतले सगळे हसले.

"सापडली की हो," अधिकारी म्हणाले आणि कारकुनाकडे वळले. "लिहा. दोरी सापडते आणि चालते."

तिला वाटले, आपण ऐकण्यात चुकलो. पण कारकून लिहीत होता.

"किती वेळ लागला तेही लिहा," ती म्हणाली.

"बाई, तुम्ही आमची परीक्षा घ्यायला आलात का?"

"एक मिनिट पन्नास सेकंद," आजोबा मनगटावरच्या घड्याळावरून नजर न काढता म्हणाले. "खुर्चीत बसून. दिवे चालू. शेजारी पाण्याचा ग्लास."

कारकुनाचे पेन हलले नाही. अधिकारी पॅनल बाजूला सारू लागले, तेव्हा त्यांची बोटे अस्तरावरून गेली. हे डाग कसले, त्यांनी विचारले.

"डाग नाहीत, साहेब," फिटरबाई म्हणाली. "नखं आहेत."

अधिकाऱ्यांनी हात मागे घेतला. टेबलावरच्या डब्यातून कागदी रुमाल ओढला आणि एकेक बोट सावकाश पुसले. नंतर तो रुमाल टोपलीत टाकला. ग्रीसमध्ये, तेलात, कुजलेल्या उंदरांच्या वासात फिटरबाईने आयुष्य काढले होते, पण इतकी शिसारी तिला कधी आली नव्हती. तिने पॅनल पुन्हा चादरीत गुंडाळले.

महिन्याने आदेश आला. तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली होती. स्टिकर आता दुप्पट आकाराचे असणार होते आणि अंधारात चमकणार होते.

नव्या स्टिकरसाठी यादीतली पहिली गाडी आजोबांची निघाली. नात बरोबर होती, पण ती फाटकापाशीच उभी राहिली, उन्हात. फिटरबाईने दाराच्या कप्प्यावरची जागा पुसली. चमकते स्टिकर लावले. फोटो काढला. टॅबवर दोन पर्याय आले : दुरुस्ती पूर्ण, दुरुस्ती अपूर्ण.

"झालं का, बाई?" आजोबांनी विचारले.

"नाही झालं, आजोबा."

तिने अपूर्णवर बोट ठेवले. कारणाच्या जागी लिहिले : हँडल नाही. टॅब लाल झाला. सुरक्षेची दुरुस्ती अपूर्ण असलेली गाडी कंपनीच्या सहीशिवाय फाटकाबाहेर सोडता येत नसे. मॅनेजर धावत आला. मागे रांग आहे, तुम्ही हे काय मांडलंय, असे बरेच बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, नोकरी जाईल."

"जाईल," ती म्हणाली आणि पुढची गाडी आत घ्यायला खूण केली.

आजोबांनी किल्ली तिच्या हातात दिली. गाडी राहू दे इथंच, आम्ही बसनं जातो, म्हणाले, आणि नातीचे बोट धरून चालू लागले.

पाच वाजेपर्यंत आवारात 'अपूर्ण' शेऱ्याच्या अकरा गाड्या उभ्या राहिल्या. मॅनेजर फोनवर कुणाला तरी समजावत होता. फिटरबाईने हात धुतले, डबा पिशवीत भरला आणि निघण्याआधी ती रांगेतून चालत गेली. प्रत्येक गाडीपाशी थांबून तिने मागची दोन्ही दारे पूर्ण उघडून ठेवली.