तबेल्याचा पासवर्ड

रविवारी गुरांच्या बाजारात अक-तेरेक गावच्या एका माणसाने बाल्ताबायला भर गर्दीत विचारलं, "काय बाल्ताबाय, तुमच्या साखरेच्या बाळाने आज अंडं खाल्लं का, की रुसून बसलंय?"

आजूबाजूच्या दहा-बारा जणांनी तोंडावर टोपी धरून हसू दाबलं. सदुसष्ट वर्षांच्या बाल्ताबायच्या कानशिलापर्यंत लाली चढली. साखरेचं बाळ हे नाव त्याने आपल्या तोरू, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोड्याला ठेवलं होतं आणि ते तो फक्त तबेल्याचं दार आतून लावून, घोड्याच्या कानात म्हणायचा. जवात अंडं कालवायचा तेही स्वतःच्या हाताने. अक-तेरेकशी शर्यत तीन आठवड्यांवर आली होती, आणि नजर लागू नये म्हणून त्याने सख्ख्या भावालासुद्धा तबेल्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

घरी आला तो तणतणतच. ओसरीवर त्याचा जिवलग दोस्त शुमकार चहाची वाट बघत बसला होता. दोघं एकाच वर्षी, एकाच आठवड्यात जन्मलेले, आणि गेल्या चाळीस वर्षांत शुमकारने या घरचा दुपारचा चहा चुकवल्याचं कोणाला आठवत नव्हतं. सगळं ऐकून त्याने मान हलवली.

"मी कोणाचं नाव घेत नाही," शुमकार म्हणाला. "पण अक-तेरेकची माणसं या घरात किती आहेत, ते मोज म्हणजे झालं."

मोजायला फार वेळ लागणार नव्हता. अक-तेरेकचं माणूस घरात एकच होतं, आणि ते त्याच वेळी त्या दोघांच्या वाडग्यांत चहा ओतत होतं. सेझिम, घरची सून. माहेर अक-तेरेक, लग्नाला तीन वर्षं, नवरा कोरियात कारखान्यात, स्वतः गावच्या शाळेत संगणक शिकवणारी. तिने शुमकारचा वाडगा रिवाजाप्रमाणे अर्धाच भरला.

"शनिवारी हिला माहेरी पोचवून ये," बाल्ताबायने बायकोला सांगितलं. "शर्यत होईपर्यंत राहू दे तिकडे."

सासूबाईंना, बूबूसाराला, ते काही पटलं नाही. "अहो, लोक म्हणतील सून परत पाठवली."

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. मला आज बाजारात काय काय म्हणाले, ते ऐकलंस ना?"

सेझिमने मान खाली घातली ती तशीच स्वयंपाकघरात गेली आणि तिथे कणकेच्या परातीवर वाकून मनसोक्त रडली. माहेरी जायला तिची ना नव्हती. पण परत पाठवलेली सून म्हणून जाणं म्हणजे आईच्या दारात मान खाली घालून उभं राहणं, आणि आईनेही शेजाऱ्यांपासून तोंड लपवत फिरणं. शनिवारला सहा दिवस होते.

रडून झाल्यावर ती विचार करू लागली, कारण रडण्यापेक्षा तिला ते जास्त जमायचं. घोड्याच्या कानातलं बोलणं बाहेर कसं गेलं? तबेल्यात माणूस एकच, घोडा एक, आणि घोड्याच्या डोक्यावरच्या आढ्याला कॅमेरा एक. कॅमेऱ्याला कान होते.

त्याचं असं झालं होतं. बैठकीच्या खोलीत इंटरनेट कंपनीच्या माणसाने लावलेला एक राउटर होता. त्याचं वायफाय मधल्या दीड हात जाड मातीच्या भिंतीपलीकडे तबेल्यात पोचत नव्हतं. कोरियाला जाण्याआधी उलुकने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, भिंतीतून वायर काढून तबेल्यात दुसरा राउटर टांगला, कॅमेरा त्याला जोडला, आणि परदेशातून घोडा दिसावा म्हणून दूरवरून आत शिरण्याची सोय चालू करून ठेवली. बायकोच्या खोलीत काही त्याने कॅमेरा लावला नाही, हे सेझिमने त्याच वेळी मनात नोंदवून ठेवलं होतं.

तिने फोन लावला. "तबेल्याच्या राउटरचा पासवर्ड काय ठेवलायस?"

"सोपा आहे. वडिलांचं नाव आणि जन्मसाल."

सेझिमने कपाळाला हात लावला. पासवर्ड सोपा असल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी अडचण अशी की तो शब्द तिच्या तोंडून निघू शकत नव्हता. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं, आणि नावात जो शब्द असेल तोही टाळायचा असतो. बाल्ता म्हणजे कुऱ्हाड, म्हणून तीन वर्षं ती कुऱ्हाडीला 'तोडणी' म्हणत होती. शुमकार म्हणजे ससाणा, आणि सासऱ्याचा दोस्त सासऱ्यासारखाच. ससाण्याला ती 'आभाळातला टोच्या' म्हणायची. एका चुलतसासऱ्याच्या नावात शुक्रवार होता, म्हणून शाळेच्या वेळापत्रकातही ती 'गुरुवारनंतरचा दिवस' असं लिहायची आणि मुख्याध्यापक दरवेळी ते खोडून दुरुस्त करायचे.

"लहान अक्षरांत ना?" तिने विचारलं. "जे मी म्हणत नाही ते?"

"हो, तेच. जे तू म्हणत नाहीस ते, आणि पुढे एकोणीसशे अठ्ठावन्न. पण बदलू नकोस गं. माझं सगळं त्यावरच बेतलंय."

"अरे, तुझ्या वडिलांचं नाव आणि वय अख्ख्या तालुक्याला पाठ आहे."

"घोड्याला बघायला कोण येणार आहे?" उलुक म्हणाला. स्वतः तो रोज जेवणाच्या सुट्टीत बघायचा.

बोटांना नाव घ्यायची बंदी आहे की नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने डोळे मिटून टंकलं, आणि दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा एक डोळा उघडला तेव्हा जमलं, आणि दूरवरून शिरण्याची सोय तिथे खरंच उघडी दिसली. मग तिने बैठकीतला राउटर उघडला आणि बाहेरच्या जगातून तबेल्याकडे जाणारी वाट तिथेच बंद करून टाकली. कोरियात उलुकचा पडदा काळा झाला. त्याने रागावलेल्या तोंडांची सात चित्रं पाठवली.

सोमवारी ती सासऱ्यासमोर उभी राहिली. घरच्या वडीलधाऱ्यांना ती अता, म्हणजे बाबा, म्हणायची. "अता, कॅमेऱ्यातून कोणीतरी ऐकत होतं. वाट मी बंद केलीय."

बाल्ताबायने तिच्याकडे बघितलं. त्याला घोड्यांतलं सगळं कळायचं आणि राउटरमधलं काही नाही, आणि न कळणाऱ्या गोष्टीवर एकदम विश्वास टाकणाऱ्यांपैकी तो नव्हता.

"बघू," तो म्हणाला.

बुधवारी दुपारी घोड्याला मालिश करताना त्याने आपलं मन त्याच्यापाशी मोकळं केलं. बूबूसारा घोरते, आणि घोरता घोरता मध्येच थांबून आपल्यालाच ओरडते की घोरू नका, असं काहीसं. गुरुवारी सकाळी पाण्याच्या नळावर बायका बूबूसाराला विचारत होत्या की रात्री झोप नीट लागते ना.

त्या दिवशी बूबूसाराने नवऱ्याच्या पुढ्यात जेवण ठेवलं ते असं आपटून की सूप लेंग्यावर उडालं. "घोड्याला सांगता? बायकोची गाऱ्हाणी घोड्याला सांगता?"

"मी घोड्याला सांगितलं," बाल्ताबाय गुरगुरला. "गावाला कोणी सांगितलं? वाट बंद केली म्हणे. वाट बंद झाली आणि गोष्ट बाहेर गेली. मग राहिलं कोण?"

राहिली ती सेझिम. आता खुद्द सासूनेही तिच्याकडे एकदा जरा वेगळ्या नजरेने बघितलं, आणि ती नजर तिला सासऱ्याच्या सगळ्या बोलण्याहून जास्त लागली. बूबूसाराने कपड्यांची पेटी उघडून सुनेचं गाठोडं बांधायला घेतलं.

घोडं कुठे पेंड खातंय, ते काही तिला कळेना. मग गुरुवारनंतरच्या दिवशी, शाळेत, पाचवीच्या मुलांना ती फळ्यावर घर आणि बाहेरचं जग काढून दाखवत होती. घराचा चौकोन काढला. त्याच्या आत तबेल्याचा छोटा चौकोन काढला. एक मुलगी म्हणाली, "बाई, तबेल्यासाठी तर घरसुद्धा बाहेरच आहे."

सेझिम खडू हातात धरून तशीच उभी राहिली. दूरवरून म्हणजे कोरिया, असं ती धरून चालली होती. पण तबेल्यातल्या राउटरला कोरिया काय नि बैठकीची खोली काय, दोन्ही सारखीच परकी. त्याच्यापुरतं भिंतीच्या पलीकडचं सगळं जग बाहेरचं. म्हणजे दूरवरून शिरण्याची सोय अजून उघडीच होती, आणि शिरायला फक्त बैठकीचं वायफाय हवं होतं. ते या घरात पाव आणि मुरंब्याच्या जोडीने प्रत्येक पाहुण्याला मिळायचं. बाल्ताबाय स्वतःच ओरडून सांगायचा.

घरी येऊन तिने तबेल्याच्या राउटरची नोंदवही उघडली. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी एकच फोन आत शिरत होता आणि पावणेपाचला बाहेर पडत होता. फोनच्या मालकाने फोनला स्वतःचंच नाव दिलेलं होतं. ते नाव वाचून सेझिम आधी खाली बसली, आणि मग तिला हसू आवरेना. चोर सापडला होता, आणि त्याचं नाव ती घेऊ शकत नव्हती.

चारला बाल्ताबाय नेहमीसारखा तबेल्यात गेला होता. बैठकीत शुमकार एकटाच बसला होता, फोन कानाला लावून, डोळे अर्धवट मिटून. तो असा रोज बसायचा. लेकीशी बोलत असेल, असं समजून सेझिम रोज आवाज न करता त्याचा वाडगा अर्धा भरून जायची. आज तिच्या ध्यानात आलं की पस्तीस मिनिटांत हा माणूस एकदाही 'हं' म्हणालेला नाही.

पावणेपाचला बाल्ताबाय हात पुसत आत आला. बूबूसाराही गाठोडं घेऊन आली आणि ते दारापाशी ठेवलं. सेझिमने चहा ओतला, किटली खाली ठेवली, आणि उभी राहिली.

"अता, कोण ऐकत होतं ते मला कळलंय."

शुमकारचा वाडगा ओठांपाशी थांबला.

"मग सांग की," बाल्ताबाय म्हणाला.

"मला नाव घेता येत नाही."

"भितेस कोणाला?"

"भीत नाही, अता. घेता येत नाही."

बाल्ताबायच्या कपाळावर आठी पडली. "हे बघ, उगाच ताकास तूर लागू देणार नसशील, तर गाडी उद्याची ठरलेली आहे. तुझा भाऊ आहे का?"

"भावाचं नाव मी घेऊ शकते. एसेन."

"मग तुझा मामा. तो शर्यतवाला."

"त्याचंही येतं. सोवेत. अक-तेरेकमधल्या कोणाचंही नाव मला घेता येतं, अता. सगळ्या गावाचं घेऊन दाखवते."

आधी कळलं ते बूबूसाराला. तिने गाठोड्याकडे बघितलं, मग सुनेकडे. "अहो," ती हळूच म्हणाली, "सुनेचं तोंड उघडत नाही, ते आपल्याच वडीलधाऱ्याच्या नावापायी."

बाल्ताबाय सावकाश एकेक वडीलधारा मनात आणत असावा, कारण त्याची बोटं गुडघ्यावर हलत होती. "मी नाही ना?" त्याने खात्री करून घेतली.

"तोडणी नाही," सेझिम म्हणाली. आणि मान खाली घालून, अदबीने, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं पुढे म्हणाली, "आभाळातला टोच्या आहे."

बूबूसाराने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. शुमकारने वाडगा खाली ठेवला. तो ठेवायला त्याने एवढा वेळ लावला की कबुलीची गरजच राहिली नाही.

"मी फक्त घोडा बघत होतो," शुमकार शेवटी म्हणाला. "माझा गेल्या वर्षी मेला. तू मला तबेल्यात घेत नाहीस. म्हणतोस, नजर लागेल. माझी नजर, बाल्ताबाय? आपण एका पाळण्यातले. उलुक जाताना तुझ्या फोनवर लावून देत होता, तेव्हा मी शेजारीच होतो. पासवर्ड तर काय, तुझं नाव आणि माझंच साल."

"आणि अक-तेरेकला?"

"तिथल्या माझ्या जावयाला एकदा सांगितलं. गोड वाटलं म्हणून. साखरेचं बाळ." तो जरा थांबला. "आणि घोरण्याचं इथल्या चौघांना."

"आणि माझ्या सुनेला माहेरी घालवायला निघालास?"

बाल्ताबाय सुनेकडे न बघता म्हणाला, "पोरी, याचा वाडगा काठोकाठ भर."

अर्धा वाडगा म्हणजे बस, आणखी घे. काठोकाठ म्हणजे पी आणि चालू लाग. चाळीस वर्षांत शुमकारला या घरात काठोकाठ वाडगा मिळाला नव्हता. तो त्याने पुरा प्यायला, जीभ भाजली तरी, आणि टोपी घालून निघून गेला.

बूबूसाराने गाठोडं उचललं, आत नेलं, आणि एकेक कपडा झटकून पेटीत परत ठेवला. शेवटची शाल हातात धरून म्हणाली, "मीही बघितलं तुझ्याकडे तसं. चुकले." सेझिमने शाल तिच्या हातातून घेतली आणि घडी करून पेटीत ठेवली.

संध्याकाळी सेझिमने दोन्ही राउटरवरची दूरवरून शिरण्याची सोय बंद केली, पाहुण्यांचं वायफाय वेगळं काढलं, आणि सासऱ्याला विचारलं, "अता, नवा पासवर्ड काय ठेवू?"

"कोणाला कळता कामा नये."

"तुम्हाला तरी सांगून ठेवते."

"मला नको. मी घोड्याला सांगेन." बाल्ताबायने मिशीवरून हात फिरवला. "तीन वर्षांत तू एक नाव तोंडातून पडू दिलं नाहीस. तुझ्याइतकं घट्ट तोंड या गावात कोणाचं आहे? तूच ठेव, आणि तुझ्यापाशीच ठेव."

आठवडाभराने, चारच्या सुमाराला, शुमकार ओसरीवर येऊन उभा राहिला. बाल्ताबाय तबेल्यातून बाहेर आला, त्याच्याकडे बघितलं, आणि तबेल्याचं दार त्याने ओढून घेतलं नाही. ते दोघं आत गेले. आत घोडा फुरफुरला.

मग दोघं चहाला येऊन बसले. सेझिमने शुमकारचा वाडगा अर्धाच भरला. त्याने तो दोन्ही हातांत धरला, जरा खाकरला, आणि खिशातून फोन काढला.

"सूनबाई," तो म्हणाला, "वायफायचा नवा पासवर्ड काय गं?"

सेझिमने अदबीने मान खाली घातली.

"नाव घेता येत नाही, अता," ती म्हणाली.