दोन बोटं

"पोट आत घे."

"घेतलंय."

"मग ह्ये काय हाय?" भागीने नवऱ्याच्या पोटावर बोट टेकवलं.

जिवल्याने श्वास कोंडून कमरेचा दोर आणखी ओढला. तरी एका टोकाची लाकडी खुटी दुसऱ्या टोकाच्या फासात जाईना. दोन बोटं कमी पडत होती, कालच्यासारखीच.

उमरोळीच्या बाजूला ताडावर चढणाऱ्यांत जिवल्याचं नाव होतं. गेल्या उन्हाळ्यात घरामागच्या ताडावरून तो पडला आणि मांडीचं हाड मोडलं. सगळा पावसाळा बसून गेला. तारापूरला वीज तयार करायचा मोठा कारखाना उभा राहत होता. तिथल्या कामगारांच्या खानावळीत भागी भांडी घासायला जाऊ लागली. आचारी खंडेराव साताऱ्याकडचा, हाताचा सढळ. उरलेला भात, पुऱ्या, कधी शिरासुद्धा तो तिच्या टोपलीत टाकी. "मालकांना घाला, हाड जुळंल," म्हणे. हाड जुळलं, पण त्याबरोबर ढेरीही सुटली. जन्मात दोन वेळा पोटभर न जेवलेल्या माणसाला ढेरी! अख्खा पाडा हसला.

कमरेचा दोर बापाचा होता. त्याला कोयती अडकवायची, ताडी भरायचा पोकळ दुधी लटकवायचा आणि वर जायचं. बापाने बजावलं होतं, दोराची गाठ कधी सोडायची नाही. दोर बसला तर चढायचं, नाही बसला तर गुमान खाली राहायचं. जिवल्या ते देवाच्या शब्दासारखं पाळी.

म्हणून तो कामाला लागला. सकाळी उमरोळी स्टेशनपर्यंत पळत जायचा, लाकडं फोडायचा, नाचणीच्या आंबिलीवर दिवस काढायचा. ढेरी भराभरा उतरली. शेवटची दोन बोटं मात्र हटून बसली.

"जिवल्या, सोडा ते झाडाचं खूळ," एकदा घरी आलेला खंडेराव म्हणाला. "भाजी चिराय माणूस पायजे मला. बसून काम."

"बसून तं ह्ये झालं!" जिवल्याने पोट थोपटलं.

हसण्यावारी नेलं खरं, पण त्याला खालचं काम नकोच होतं. ताडाच्या शेंड्यावरून समुद्र दिसे. तिथे त्याला कुणी 'ए' म्हणून हाक मारत नसे.

थंडी पडली. एका सकाळी भागी रानात मोळीला गेली होती. अंगणात आंघोळ करताना जिवल्याचा करदोटा सरकून मांडीवर आला. त्याने तो वर घेतला, तो पुन्हा घसरला. जिवल्या हसला. मग त्याचं हसू थांबलं. त्याने भिंतीवर टांगलेला दोर काढून कमरेला लावला. दोन बोटं कमी!

त्याने दोर उजेडात धरला. खुटीजवळची गाठ बापाची नव्हती. ती मोळीची गाठ होती, डावीकडून वळसा घेतलेली. तशी गाठ अख्ख्या पाड्यात एकच बाई मारी.

त्याला संताप आला. बापाचा दोर! रोज पोट जेवढं उतरे तेवढा भागी दोर आखडत होती, आणि वर पोटाला बोट लावून विचारत होती. दोन्ही हातांनी तो गाठ सोडायला लागला. सोडता सोडता त्याला तो पडला तो दिवस आठवला. शुद्धीवर आला तेव्हा तो भागीच्या पाठीवर होता. पालघरच्या दवाखान्याच्या वाटेवर ती धापा टाकत होती आणि मोठमोठ्याने ताडाला शिव्या देत होती. जिवल्याचे हात थांबले.

मोळी घेऊन भागी अंगणात आली. त्याच्या हातात दोर बघून ती जागच्या जागी उभी राहिली.

"बसला?" तिने हळूच विचारलं.

जिवल्याने दोर कमरेला लावला आणि पोट होतं नव्हतं तेवढं पुढे काढलं.

"नाय. दोन बोटं हायत अजून."

"मेलं जातच नाय," भागी म्हणाली.

"नाय जायाचं आता. खंडेरावला सांग, उद्या येतो भाजी चिराय."

डोक्यावरची मोळी भागीने खाली टाकली, तशी मोळीला बांधलेली वेल तुटून लाकडं अंगणभर पसरली. जिवल्याने कमरेचा दोर काढून तिच्यापुढे धरला.

"ह्यानं बांध. मजबूत हाय."

भागीने खाली मान घालून दोर घेतला. लाकडं गोळा करून त्यांच्याभोवती फिरवला. डावीकडून वळसा घेतला, पण पुढे गाठ मारायला मात्र तिचे हात काही केल्या चालेनात.